गच्चीची किल्ली आणि ऑक्सिमीटरवरचे ९८



इथे आपण एरवी मधुमेह, रक्तदाब, पावसाळ्यातले ताप यांबद्दल बोलतो. आजचा विषय जरा वेगळा वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. मी डॉक्टर म्हणूनच लिहितो आहे.

गेल्या महिन्यात ओपीडीत एक तेविशीचा मुलगा आला. आमच्या कशेळीच्या आसपास गोदामं किती आहेत हे ठाणे-भिवंडी रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. त्यातल्याच एका गोदामात तो मालाची चढउतार करतो आणि रात्री तिथेच पोटमाळ्यावर झोपतो. तक्रार अशी, की रात्री छाती भरून येते, दम कोंडतो, दचकून जाग येते. छाती तपासली, ईसीजी काढला, सगळं ठीक. मग विचारलं, "हे कधीपासून?" तो म्हणाला, "शेठ रात्री बाहेरून शटरला कुलूप लावून जायला लागले तेव्हापासून."

असा पेशंट आला की चिंतेचा त्रास म्हणून एक गोळी लिहून देणं सोपं असतं. मी ती लिहिली नाही. त्या मुलाला आजार नव्हता, त्याची भीती खरी होती. ती किती खरी आहे हे मला एका रात्री फार जवळून कळलं आहे. आज तेच सांगायचं आहे. (पेशंटची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्या रात्री काय झालं

आमची इमारत इथल्या शेकडो इमारतींसारखीच आहे. खाली पार्किंग, वर चार मजले, एक जिना, एक लिफ्ट. जिन्याखाली सगळ्यांचे मीटर आणि त्यांना खेटून उभ्या केलेल्या स्कूटर. त्या वर्षी मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. गच्चीवर बाहेरची मुलं रात्री दारू प्यायला बसतात, टाकीशी खेळतात, अशी तक्रार आली. मी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या घरी, फोनच्या टेबलाच्या खणात ठेवली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

मार्च महिना होता. पहाटे अडीचच्या सुमारास जळक्या प्लॅस्टिकच्या वासाने आम्हाला जाग आली. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. दार उघडलं तर जिन्यात काळा धूर. समोरच्या घराचं दारही दिसेना. दार लावून घेतलं, बायकोने ओल्या चादरी दाराच्या फटीत कोंबल्या, आणि आम्ही बाल्कनीत येऊन ओरडायला लागलो. मीटर बॉक्सला आग लागली होती, दोन स्कूटर पेटल्या होत्या. शेजारच्या गोदामाचे वॉचमन आणि काही मुलं आग विझवण्याची नळकांडी घेऊन धावले. वीज तोडली. वीसेक मिनिटांत आग आटोक्यात आली. अग्निशमन दलाची गाडी पोहोचेपर्यंत ज्वाळा उरल्या नव्हत्या, फक्त धूर होता.

त्या वीस मिनिटांत वरून धडधड असा आवाज येत होता. मला वाटलं, खाली कुणीतरी मीटरचं दार तोडतंय.

तो आवाज गच्चीच्या दाराचा होता. चौथ्या मजल्यावरच्या आजी, त्यांची सून आणि आठ वर्षांचा नातू घाबरून बाहेर पडले होते. मुलगा रात्रपाळीला होता. खाली धूर, म्हणून ते वर गेले. गच्ची बारा पायऱ्यांवर. दाराला कुलूप. सून मुलाला घेऊन कशीबशी परत घरात शिरली आणि तिने दार लावलं. आजींना वाटलं, कुणीतरी किल्ली आणेल. त्या दार ठोकत तिथेच थांबल्या.

किल्ली माझ्या खणात होती. मी बाल्कनीत होतो.

माझी दुसरी चूक

धूर विरळ झाल्यावर आम्ही वर गेलो. आजी शेवटच्या पायरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. शुद्धीवर होत्या. अंगावर भाजल्याची एकही खूण नाही. त्यांना उचलून आमच्या बाल्कनीत आणलं. डोकं दुखतंय म्हणाल्या, एकदा उलटी झाली. मी बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा आला ९८.

मी मोठ्याने म्हणालो, "अठ्ठ्याण्णव आहे. काही घाबरू नका." सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, मीसुद्धा.

पंधरा-वीस मिनिटं अशीच गेली. मग आजींनी विचारलं, "नातू कुठंय माझा?" नातू त्यांचा हात धरूनच बसला होता. सुनेने सांगितलं, "आई, हा काय इथेच आहे." थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा प्रश्न मी एम.डी.ला असताना परीक्षेत सोडवला होता आणि प्रत्यक्षात वेळ आली तेव्हा विसरलो होतो.

दवाखान्यातून ऑक्सिजनचा सिलिंडर आणला, मास्क लावला आणि गाडीत घालून कशेळीचा पूल ओलांडून ठाण्याच्या हॉस्पिटलला नेलं. पहाट होती म्हणून रस्ता मोकळा मिळाला. तिथे रक्ताची तपासणी झाली. त्यांच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी २४ टक्के हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं होतं.

धूर शरीरात काय करतो

आगीत माणसं ज्वाळांनी मरतात अशी आपली समजूत असते. बंद इमारतीतल्या आगीत बहुतेक वेळा धूर आधी पोहोचतो आणि धूरच मारतो. त्यात तीन गोष्टी असतात.

पहिली, उष्णता आणि काजळी. घशाला, स्वरयंत्राला आतून चटका बसतो आणि सूज येते. ही सूज लगेच दिसेल असं नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही वाढते आणि श्वासाची वाट बंद करते. म्हणून आगीतून आलेल्या माणसाचा आवाज घोगरा झाला असेल, थुंकीत काजळी येत असेल, नाकातले केस करपले असतील, तर तो कितीही ठणठणीत दिसला तरी हॉस्पिटलात न्यायचा.

दुसरी, कार्बन मोनॉक्साइड. याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जितकं धरतं त्याच्या दोनशेहून अधिक पट घट्ट या वायूला धरतं. बसमधल्या सगळ्या जागा भलत्याच लोकांनी अडवाव्यात आणि आपल्या माणसाला दारातूनच परत जावं लागावं, तसं ऑक्सिजनचं होतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गोंधळ उडतो, पायातली ताकद जाते. दार समोर दिसत असूनही माणूस तिथवर जाऊ शकत नाही. धूर दाट असेल तर काही श्वासांतच शुद्ध हरपते.

तिसरी, सायनाइड. हो, तेच विष. फोमच्या गाद्या, सोफे, नायलॉन, ॲक्रिलिक, लोकर जळताना हायड्रोजन सायनाइड वायू तयार होतो. आजच्या घरात आणि गोदामात या वस्तू किती असतात, तुम्हीच मोजा.

आता ऑक्सिमीटरचं. कोविडपासून तो घराघरांत आहे, म्हणून नीट समजून घ्या. तो बोटातून प्रकाश सोडतो आणि रक्ताच्या रंगावरून ऑक्सिजनचा अंदाज बांधतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनने भरल्यासारखंच लाल दिसतं. त्यामुळे माणूस आतून गुदमरत असला तरी आकडा ९८ येऊ शकतो. धुरात सापडलेल्या माणसाच्या बाबतीत घरच्या ऑक्सिमीटरवर विश्वास ठेवू नका. त्याला लागतो मास्कने भरपूर ऑक्सिजन, तोही लगेच. साध्या हवेत हा वायू निम्म्यावर यायला चार ते सहा तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तासा-दीड तासात येतो. मी घालवलेली ती वीस मिनिटं अशी मोजावी लागतात.

आणखी एक गैरसमज. ओला रुमाल नाकाला लावला की धूर बाधत नाही, असं म्हणतात. काजळी थोडी अडते, कार्बन मोनॉक्साइड अजिबात अडत नाही. रुमाल जरूर लावा, पण त्याच्या भरवशावर धुरात शिरू नका.

हे आपल्याकडे पुन्हा पुन्हा घडलं आहे

९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. तेव्हा जाहीर झालेल्या माहितीनुसार त्यांतली तीन भाजून, तर सात गुदमरून गेली. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री मुंबईत कमला मिलमध्ये १४ जणांचा जीव गेला. त्यांतले बरेच जण ज्वाळांपासून वाचायला स्वच्छतागृहात शिरले होते आणि तिथेच गुदमरले. त्याच महिन्यात, १८ डिसेंबरला, साकीनाक्यात फरसाणाच्या दुकानाला लागलेल्या आगीत १२ कामगार गेले. ते कामाच्या जागीच झोपत. ६ ऑक्टोबर २०२३ ला गोरेगावात पहाटे पार्किंगमधल्या वाहनांना आग लागली आणि जिन्यातून धूर वर चढला. किमान सात माणसं गेली. १८ मे २०२५ ला सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला पहाटे आग लागली. मालकाचं कुटुंब तिथेच राहत होतं. कुटुंब आणि कामगार मिळून आठ जण गेले.

या घटनांची कारणं वेगवेगळी आहेत. मला डॉक्टर म्हणून त्यांत दिसतं ते इतकंच, की त्यांतल्या कितीतरी माणसांना आगीने नव्हे, तर वाट न मिळाल्याने मारलं.

जगातही धडा असाच शिकला गेला. २८ नोव्हेंबर १९४२ ला अमेरिकेत बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइट क्लबमध्ये ४९२ माणसं मेली. मुख्य दार गोल फिरणारं होतं, ते गर्दीने अडकलं. काही दारांना कुलूप होतं. एक दार आत उघडणारं होतं, आणि माणसांचा लोंढा त्यावर आदळल्यावर ते कुणालाच ओढता आलं नाही. भाजलेल्यांवर उपचार कसे करावेत याबद्दल त्या रात्रीतून वैद्यकशास्त्र पुष्कळ शिकलं. पण जास्त जीव वाचले ते त्यानंतर कडक झालेल्या दारांच्या नियमांनी. सुटकेचं दार बाहेरच्या दिशेने उघडावं आणि आतून किल्लीशिवाय उघडावं, हे नियम अशा दुर्घटनांतून आले आहेत.

आपल्याकडेही नियम आहेत. राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग संपूर्णपणे आग आणि जीवसुरक्षेवर आहे. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आहे. त्याच्या कक्षेत येणाऱ्या इमारतीच्या मालकाने किंवा ती वापरणाऱ्याने दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून प्रमाणपत्र द्यायचं असतं. तुमच्या सोसायटीत ते शेवटचं कधी झालं, हे पुढच्या सभेत विचारा. भांडायला नको, नुसतं विचारा.

मग करायचं काय?

माझ्या पेशंटना मी आता हे सांगतो.

*घरात आग लागली तर:* सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, जाताना दार ओढून घ्या. बंद दार धुराला बराच वेळ अडवतं. लिफ्ट नाही, जिनाच. बाहेर आल्यावर १०१ किंवा ११२ ला फोन. दागिने-कागदपत्रांसाठी परत आत जायचं नाही.

*आग खाली आणि जिन्यात धूर असेल तर:* बाहेर पडू नका. जिना त्या वेळी धुराची चिमणी झालेला असतो, आणि धूर सगळ्यात आधी साचतो तो वरच्या टोकाला. दार उघडण्यापूर्वी हाताची मागची बाजू दाराला लावून बघा, गरम असेल तर उघडू नका. फटीत ओले टॉवेल भरा. ज्या खिडकीत किंवा बाल्कनीत धूर येत नाही तिथे जा, फोन करून मजला आणि घर नंबर सांगा, कापड हलवत राहा. आजींची सून आणि नातू एवढ्यानेच वाचले.

*धुरातून जावंच लागलं तर:* गुडघ्यांवर, रांगत. बरी हवा जमिनीलगत असते.

*खिडक्यांच्या जाळ्या:* बाल्कनीला पूर्ण जाळी असेल तर तिला उघडणारी एक झडप हवी. तिला कुलूप असेल तर किल्ली तिथेच, मुलांनाही माहीत असेल अशा जागी.

*जिना:* चपलांचे रॅक, सायकली, जुनी कपाटं, पाण्याचे जार हलवा. मीटरजवळ वाहनं नकोत, आणि बॅटरीची स्कूटर रात्रभर जिन्याखाली चार्जिंगला तर अजिबात नको.

*धुरातून आलेला माणूस:* डोकेदुखी, उलटी, गोंधळ, घोगरा आवाज, छातीत दुखणं, क्षणभर का होईना शुद्ध हरपणं, यांतलं काहीही झालं असेल तर १०८ बोलवा आणि हॉस्पिटल गाठा. गरोदर बाई असेल तर लक्षणं नसली तरी न्या, कारण हा वायू पोटातल्या बाळाला जास्त बाधतो. हॉस्पिटलात स्पष्ट सांगा, "बंद जागेत धुरात होते." रक्तातल्या कार्बन मोनॉक्साइडची तपासणी त्या एका वाक्यावरून सुचते.

आजींचं पुढे काय झालं

चौथ्या दिवशी आजी घरी आल्या. सगळं छान वाटत होतं. तिसऱ्या आठवड्यात सून माझ्याकडे आली. आजी गॅस चालू ठेवून विसरतात, पावलं घसटत चालतात, कधी कारण नसताना रडतात. कार्बन मोनॉक्साइडनंतर काही जणांना काही दिवसांनी, काही आठवड्यांनी असा मेंदूचा त्रास सुरू होतो. हे मला माहीत होतं. त्या खोलीत बसून ते सुनेला समजावून सांगणं मात्र अवघड होतं.

वर्षभरात पुष्कळ सुधारणा झाली. सगळी नाही. पूर्वी आजी मंडळातल्या बायकांना ओव्या शिकवायच्या, त्या आता मधेच अडखळतात. एकदा बीपी तपासताना त्यांनी मला विचारलं, "डॉक्टर, गच्चीला कुलूप कशाला हो लावलं होतं?" त्यात राग नव्हता. त्या खरंच विसरल्या होत्या आणि विचारत होत्या. मी म्हटलं, "मीच लावलं होतं, आजी. चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "बरं," आणि बाही खाली केली.

आता आमच्या गच्चीला कुलूप नाही. आतल्या बाजूने साधी कडी आहे, कुणालाही उघडता येते. मुलं अजूनही कधीमधी वर येतात. बाटल्या सापडतात. सभेत कुणी कुलपाचा विषय काढला की मी उठून सांगतो की त्या रात्री किल्ली कुठे होती. मीटरजवळची वाहनं हलवायला आठ महिने लागले, दोन शेजारी अजून माझ्याशी बोलत नाहीत.

चोराची भीती रोजची असते, आगीची नसते. म्हणून आपण कुलपं चोराच्या हिशोबाने लावतो. मीही तेच केलं होतं, म्हणून त्या गोदामाच्या शेठना दोष द्यायला माझी जीभ रेटेना. त्या मुलाच्या परवानगीने त्यांना फोन केला. ते म्हणाले, "डॉक्टर, माल लाखोंचा आहे, दोनदा चोरी झालीय." ते खोटं बोलत नव्हते. मी त्यांना आजींची गोष्ट सांगितली आणि सुचवलं, की शटरमध्ये आतून कडी असलेला छोटा दरवाजा करा, बाहेरून हवा तसा पहारा ठेवा, आणि खरं तर मालाशेजारी कुणाला झोपवूच नका. त्यांनी दरवाजा करून घेतो म्हटलं आहे. मुलाला मी पुढच्या सोमवारी बोलावलं आहे. छाती पुन्हा तपासायची गरज नाही. दरवाजा झाला का, एवढंच विचारायचं आहे.

तुम्हालाही एक काम सांगतो, फुकटचं. आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या सगळ्यांना घेऊन, मुलं आणि म्हातारी माणसंही, तुमच्या जिन्याने एकदा खाली उतरा आणि एकदा गच्चीपर्यंत जा. वाटेत काय काय आडवं येतं ते बघा. कुठे कुलूप दिसलं तर त्याची किल्ली कुणाच्या खणात आहे, ते शोधून काढा.